तडा गेलेला कामठा: कोणता सांधायचा, कोणता टाकायचा

गेल्या बैठकीत आपल्या गटातली एक ताई चार दिवस तासलेलं धामणीचं लाकूड घेऊन आली. टोकाला फट पडलेली. रडवेल्या तोंडानं म्हणाली, "आता हे चुलीतच घालायचं का गं?" आज त्याविषयीच बोलू.

धामण हे सापाचंही नाव, म्हणून नव्या मुली हसतात. पण लाकूड चिवट आणि लवचिक, वाकून पुन्हा सरळ होणारं. तिरकामठ्यासाठी जुनी माणसं तेच शोधायची. बांबूचा कामठाही चांगला होतो. आणि मागणी फक्त आपल्या पाड्यांवरच आहे असं नाही. तिरंदाजीत इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे, त्यात बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य लागतं. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. तिचं धनुष्य चाकांचं, कंपाउंड नावाचं, आपल्यासारखं नव्हे. पण लेकीला साधा कामठा घेऊन द्यावा असं वाटायला तेवढं पुरतं.

कामठा ओढला की त्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळे जोर येतात. निशाणाकडची बाजू, तिला पाठ म्हणू, ती ताणली जाते. आपल्याकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. लाकडाचे तंतू गवताच्या पेंढीतल्या काड्यांसारखे लांबीत असतात. दोन काड्यांमधली फट चिकटवता येते. काड्याच आडव्या तुटल्या तर काय चिकटवणार? म्हणून तडा दिसला की दोनच गोष्टी बघायच्या: तो पाठीवर आहे की पोटावर, आणि उभा आहे की आडवा.

त्या ताईची फट उभी होती, वाळताना पडलेली. टोकांतून ओल लवकर उडते, मधला भाग मागे राहतो, मग टोकं फाटतात. लाकूड आणलं त्याच दिवशी टोकांना फेव्हिकॉल किंवा उरलासुरला रंग फासावा आणि ते सावलीत ठेवावं. तिचं लाकूड लांब होतं, वीतभर टोक कापलं, काम झालं. मुठीत अशी उभी फट असली तरी चालतं, कारण मूठ जाड असते, वाकत नाही. गोंद भरायचा आणि आवळून बांधायचं. मात्र फट तिरकी जाऊन कडेला बाहेर निघत असेल तर तिला उभी समजू नका.

पाठीवरची ढलपी उठणं हे जास्त नाजूक दुखणं. साल काढल्यावर पाठीला वाकस लावायचीच नाही, टोकापासून टोकापर्यंतचे तंतू अखंड राहू द्यायचे. गाठ असेल तिथे लाकूड थोडं जास्त ठेवायचं. तरी हात चुकतो, तंतू कापले जातात आणि वाकवताना तिथून ढलपी सुटते. पहिलं म्हणजे ती ओढून काढू नका. दुसरं, कामठा आणखी वाकवू नका. ढलपी बारीक असेल तर फेविक्विकसारखा पातळ गोंद आत झिरपू द्या. मोठी असेल तर दोन नळ्यांचा अराल्डाइट सारखा सारखा कालवून काडीनं आत सरकवा, दाबून बांधा आणि एक दिवस, एक रात्र हात लावू नका. मग त्यावर शिवणाचा जाड सुती दोरा गोंदात भिजवून वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. पाठीच्या धारदार कडा पॉलिश कागदानं गोल करा. ढलपी बहुतेक वेळा तिथूनच उठते.

पोटावरचं दुखणं वेगळं. तिथे नखाला लागतील अशा बारीक आडव्या सुरकुत्या दिसतात. तंतू चिरडलेले असतात, तिथे गोंद काही करत नाही. जागा एकच असेल आणि सुरकुती उथळ असेल तर तिथे अजिबात खरवडू नका. दोन्ही बाजूंचं लाकूड काचेच्या तुकड्यानं थोडं थोडं काढा, म्हणजे वाक पसरतो आणि त्या जागेवरचा भार हलका होतो. कामठा थोडा कमजोर होईल, लहान मुलीला चालेल. सुरकुत्या खोल असतील तर नाही.

आणि पाठीवर आडवा तडा असेल तर तो कामठा संपला. त्याचा खुरप्याचा दांडा करा.

हे मी ठासून सांगते, कारण मी स्वतः चुकले आहे. एकदा गिऱ्हाईक दारात होतं, पैशांची निकड होती. पाठीवर केसासारखा आडवा तडा दिसला, त्यावर मी लाल-हिरवा दोरा गुंडाळला. फार छान दिसत होता. द्यायच्या आधी भाचीनं सहज ओढून बघितला आणि तो तिच्या हातातच मोडला. तुकडा भुवईला लागला, तीन टाके पडले. डोळा बोटभर खाली होता. तेव्हापासून गटात नियम आहे: दोरा गुंडाळायच्या आधी ती जागा दुसऱ्या बाईला दाखवायची.

सांधलेला कामठा लगेच हातात धरून ओढू नका. भिंतीतल्या भक्कम खुंटीवर मूठ टेकवा, कामठ्याच्या दोरीला लांब दोर बांधून तो खालच्या कप्पीतून घ्या आणि सहा-सात हात बाजूला उभं राहून ओढा. आधी थोडा, मग निम्मा, वीस-तीस वेळा. मध्ये मध्ये थांबून सांध्यावर नख फिरवा. कट असा आवाज आला तर तिथेच थांबा. पोरांना बजावून ठेवा की बाण न लावता ताणलेली दोरी सोडायची नाही. बाण नसला की सगळा जोर लाकडावरच परत येतो, चांगला कामठासुद्धा त्यानं मोडतो.

ओढून झाल्यावर दोरी उतरवा आणि जवसाच्या तेलाचा हात फिरवा. सांध्यावर मात्र गोंद पुरता वाळल्याशिवाय तेल लावू नका.