पद्मिनीला हवेचा आधार
काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून कायमची बाद झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांपैकी ज्या उरल्या, त्या आता बहुतेक हौशी लोकांच्या हाती आहेत. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न निघतोच: हिला एअर सस्पेन्शन बसवता येईल का?

येतं. पण ते कसं बसवता, यावर गाडीचं पुढचं आयुष्य ठरतं.

त्यामागचं गणित सोपं आहे. पोलादी स्प्रिंगचं काम जाड रबराची, आत दोऱ्यांचे थर असलेली पिशवी करते. गॅरेजात तिला बेलो म्हणतात. आतला दाब गुणिले बेलोचं क्षेत्रफळ, एवढं वजन ती उचलते. मागच्या एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर, तर दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो, म्हणजे सुमारे ४३ पीएसआय दाब लागतो. माणसं बसून भार ३७० किलो झाला, तर ५३च्या आसपास. तेवढी हवा भरली की गाडी पुन्हा पहिल्या उंचीवर येते. पोलादी स्प्रिंगला हे जमत नाही. भार वाढला की ती दबते आणि दबलेलीच राहते. मात्र हवा धक्का झेलते, जिरवत नाही. ते काम शॉकॲब्सॉर्बरचंच. शॉक गळत असतील, तर बेलो बसवूनही गाडी गतिरोधकानंतर डोलतच राहणार. म्हणून पहिला खर्च शॉक आणि झिजलेल्या बुशांवर करावा.

पद्मिनीत खरी अडचण मागे आहे. पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, मागे मात्र अखंड ॲक्सल पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर बसलेला. आणि पाटा नुसतं वजन उचलत नाही. ब्रेक दाबल्यावर ॲक्सल मागेपुढे सरकू नये, वळणावर बाजूला जाऊ नये, इंजिनाचा जोर आल्यावर पिळवटू नये, हे सगळं तोच सांभाळतो. बेलोला यातलं काहीच येत नाही. पाटे काढून टाकले, तर ॲक्सल धरायला वेगळे दांडे बसवावे लागतात, बाजूची हालचाल रोखायला बहुधा आडवा पॅनहार्ड रॉडही.

त्याहून गंभीर गोष्ट भाराच्या वाटेची. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते. पाट्याचा भार त्याच्या दोन टोकांशी, मुद्दाम मजबूत केलेल्या जागी उतरतो. बेलो तोच भार ॲक्सलच्या थेट वर, अशा भारासाठी न घडवलेल्या पत्र्यावर टाकतो. कित्येक पावसाळे झेललेल्या पत्र्याला आतून गंज असतो. तिथे पट्टी वेल्ड करून भागवलं, तर तडा वेल्डच्या कडेनेच जातो.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: पाटे काढू नयेत. पाटे आणि बॉडी यांच्यामध्ये बोल्टने बसणारे छोटे मदतनीस बेलो लावावेत. ते भाराचा थोडाच वाटा घेतात, ॲक्सल पाट्यांच्याच ताब्यात राहतो आणि उद्या काढले तर गाडी मूळ रूपात परत येते. मिशिगनमधल्या लान्सिंगची एअर लिफ्ट कंपनी १९४९पासून अशाच बेलोंसाठी ओळखली जाते. कॉइल स्प्रिंगच्या पोटात बसणारे बेलोही मिळतात. गाडी रिकामी असली तरी त्यांत थोडी हवा ठेवावीच, नाहीतर रबर घडी पडून चिरतं.

मूळ रूपाला कायद्यातही किंमत आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. पद्मिनी हे नाव १९७४ सालचं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

हवेने नव्या गाड्यांनाही रडवलं आहे. कॅडिलॅकने १९५७मध्ये एल्डोराडो ब्रॉहॅमला एअर सस्पेन्शन दिलं. त्या गाडीची किंमत १३,०७४ डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारी. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने शेवरलेसारख्या स्वस्त गाड्यांतही ते देऊ केलं. पण हवा गळायची, सकाळी गाडी खाली बसलेली दिसायची आणि अनेक मालकांनी शेवटी पोलादी स्प्रिंग बसवून घेतल्या.

गळती आणि ओल हेच आजही खरे शत्रू. नायलॉनची नळी काटकोनात, स्वच्छ कापावी. तिरका काप हमखास गळतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दाब पुन्हा मोजावा. बेलो सायलेन्सरच्या पाइपापासून दूर हवा, कशालाही घासता कामा नये. मदतनीस बेलोंना पंपाने हवा भरली तरी पुरतं. कॉम्प्रेसर हवाच असेल, तर तो १५ ते ३० अँपिअर ओढतो, हे लक्षात ठेवा. जुन्या डायनामोला ते झेपत नाही. आधी अल्टरनेटर, मग जाड वायर, रिले आणि फ्यूज. टाकी लावली, तर कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी तिच्या तळाशी साचतं. दर आठवड्याला खालचा कॉक उघडून ते काढून टाकावं, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात. उंची ठरली की हेडलाइटचा झोत तपासून घ्या आणि काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा.