काम तेच नाव

कारखान्याच्या मस्टरवर एका माणसापुढे ‘हेल्पर’ असे लिहिलेले होते; काम मात्र तो रोज लेथ चालविण्याचे करी. पगार हेल्परचा, घाम कारागिराचा. असल्या नोंदींशी झगडण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे सारे वाचन रात्रीचे. त्या वाचनात एंझाइमांचे वर्गीकरण भेटले, आणि हा तर आमचाच प्रश्न, असे वाटले.

एंझाइम म्हणजे सजीवाच्या देहातील कामकरी. रासायनिक क्रिया ते झपाट्याने घडवून आणते. स्वतः मात्र खर्ची पडत नाही. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागू लागतो. हे लाळेतील अमायलेजचे काम.

१८३३ साली फ्रान्समध्ये पायेन व पेर्सो यांनी मोड आलेल्या धान्यातून ‘डायास्टेज’ वेगळे केले. पुढे एंझाइमे सापडत गेली आणि ज्याने त्याने मनास येईल ते नाव ठेवले. पेप्सिन, ट्रिप्सिन या नावांवरून काम कळत नाही. एकाचे नाव तर ‘जुने पिवळे एंझाइम’! म्हणजे रंग कळला, धंदा कळला नाही.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९५६ साली आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. १९६१ साली त्याचा अहवाल आला. तत्त्व एकच: जी क्रिया घडवितो, तोच त्याचा वर्ग. वर्ग सहा झाले. पहिला इलेक्ट्रॉनांची देवघेव करणारांचा. दुसरा अणूंचा गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारांचा. तिसरा पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारांचा. चौथा पाण्यावाचून तोडणारांचा. पाचवा रेणूतल्या रेणूत मांडणी बदलणारांचा. सहावा ऊर्जा खर्चून दोन रेणू जोडणारांचा. प्रत्येकास चार आकड्यांचा क्रमांक मिळाला. लाळेतील अमायलेजचा ३.२.१.१. पहिला ३ म्हणजे पाण्याने तोडणारा, पुढचा २ म्हणजे शर्करांमधील बंध तोडणारा. त्यापुढचा १ बंधाचा पोटप्रकार सांगतो, आणि शेवटचा १ हा अनुक्रम. दोन एंझाइमांची घडण अगदी निराळी असली तरी काम एक असेल तर क्रमांकही एकच. कुळाची चौकशी नाही!

तरीही एक नोंद चुकलीच. पेशीच्या पटलात एक पंप असतो. तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो प्रकाशात आणला; १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे हमालीचे काम करताना पंप एटीपी नावाचा रेणू फोडून शक्ती मिळवितो. तेवढ्यावरून त्याला तिसऱ्या, म्हणजे तोडणाऱ्यांच्या वर्गात बसविले होते. हमालाने शिदोरी सोडली म्हणून त्यास आचारी म्हणावे, तसलाच हा प्रकार! अखेर २०१८ साली वाहून नेणाऱ्यांचा सातवा वर्ग काढला गेला, आणि पंपाचा ३.६.३.९ हा क्रमांक जाऊन ७.२.२.१३ आला.

शास्त्रज्ञांनी आपले मस्टर असे दुरुस्त केले. आमच्या त्या लेथवाल्याची नोंद बदलण्यास मात्र तीन वर्षे दाराशी बसावे लागले. नोंद कामाकडे पाहून करावी आणि चुकल्यास खोडावी, एवढेच आम्ही तेव्हा मागत होतो.