बाळंतिणीचा ताप आणि रक्तातील रक्षक

खानापूर तालुक्यातील नंदगडसारख्या गावी बाळंतिणीस ताप भरला की घरातील वडीलधाऱ्या बायका धास्तावत. ती धास्ती अनाठायी नव्हे. प्रसूतीच्या वेळी जंतू शरीरात शिरले, तर सेप्सिस हा प्राणघातक विकार उद्भवू शकतो. या विकारात केवळ जंतूच घात करतात असे नाही. त्यांच्याशी चाललेल्या प्रतिकाराचा तोल सुटून शरीराचेच अवयव निकामी होऊ लागतात.

हा प्रतिकार रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. परंतु त्या सर्व एका जातीच्या नसतात. न्यूट्रोफिल पेशी प्रथम धावतात व जंतू गिळतात. जखमेतील पू म्हणजे बव्हंशी त्यांचाच मृत संचय होय. मोनोसाइट पेशी जंतू तर गिळतातच, शिवाय रासायनिक संदेश सोडून इतरांना सावध करतात. टी पेशींच्या तर पोटजातीच आहेत: साहाय्यक पेशी मार्गदर्शन करतात, मारक पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात आणि नियामक पेशी लढा आवरता घेतात.

सेप्सिसमध्ये ही शिस्त मोडते. संदेशांचा पूर लोटल्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात. त्याच सुमारास साहाय्यक व मारक पेशी मोठ्या संख्येने मरतात. नियामक पेशी मात्र तुलनेने तग धरतात. एकीकडे दाह भडकलेला असताना दुसरीकडे प्रतिकारशक्ती खचते व नव्या जंतूंना वाट मोकळी होते. केवळ दाह शमविणारी औषधे बहुधा अपुरी पडली, त्याचे हे एक कारण होय.

म्हणून हा तोल सुटूच न देणे श्रेयस्कर. त्या दिशेने सात देशांत झालेल्या एका अभ्यासात नैसर्गिक प्रसूती अपेक्षित असलेल्या २९,२७८ स्त्रिया होत्या. भारतातील केंद्रे बेळगाव व नागपूर ही होती. प्रसूतीच्या वेळी निम्म्या स्त्रियांना अॅझिथ्रोमायसिनची २ ग्रॅमची एकच मात्रा तोंडाने देण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मातांमधील सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत हजारी २४, तर मिळालेल्यांत १६ होते. नवजात बालकांना मात्र असा लाभ दिसला नाही.

तरीही सावधगिरी सुटू नये. बाळंतिणीस हुडहुडी भरून ताप आला, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर ‘वारा लागला असेल’ म्हणून रात्र काढू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तातील रक्षकांची शिस्त मोडण्यापूर्वीच उपचार मिळाले, तर आई वाचण्याची आशा अधिक असते.