छंद की चरितार्थ? तिरुवैयारुची दोन उत्तरे

आवडत्या कलेलाच उपजीविकेचे साधन करावे काय, हा प्रश्न अनेक तरुणांना पडतो. तंजावरपासून सुमारे तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठी वसलेल्या तिरुवैयारु या गावाला तो दोनशे वर्षांपासून परिचित आहे. त्याची एक बाजू मराठी दरबाराशी निगडित आहे.

कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार संत त्यागराज (१७६७-१८४७) यांचे आयुष्य येथेच गेले. तंजावरचे राजे सरफोजी भोसले (दुसरे) यांनी त्यांना दरबारी गाण्यासाठी निमंत्रण दिले आणि त्यांनी ते नाकारले, अशी आख्यायिका आहे. रामाची सेवा हेच त्यांच्या गायनाचे प्रयोजन होते. 'उंछवृत्ती' म्हणजे गावातून भजन गात फिरणे आणि मिळेल ते धान्य स्वीकारणे, हा त्यांचा निर्वाहाचा मार्ग होता. मात्र राहते घर वडिलांना तंजावरच्या राजाकडूनच मिळाले होते, असे परंपरा सांगते. निःस्पृहतेलाही डोक्यावर छप्पर लागते, हे येथे विसरता येत नाही.

त्याच दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनी नृत्य आणि संगीत हीच वृत्ती मानली. आजच्या भरतनाट्यम् कार्यक्रमाचा क्रम बांधण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. वेतनामुळे त्यांची कला खालावली, असे कोणी म्हणत नाही. परंतु राजाश्रयाला स्थैर्य नसे. वडिवेलु पुढे त्रावणकोरचे स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले.

त्यागराजांच्या निधनानंतर त्यांची समाधी दुर्लक्षित झाली होती. तिचा जीर्णोद्धार केला तो बंगळूर नागरत्नम्मा (१८७८-१९५२) यांनी. देवदासी परंपरेतील या व्यावसायिक गायिकेने मैफलींतून मिळवलेली कमाई येथे खर्च केली आणि १९२५ साली समाधिमंदिर उभे राहिले. तरीही तेथील वार्षिक आराधना उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. तेव्हा नागरत्नम्मांनी स्त्री कलावंतांची स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास गट एकत्र आले आणि ही बंदी उठली. ज्यांनी धनाकडे पाठ फिरवली, त्यांचे स्मारक गाण्याच्या बिदागीतून उभे राहावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

आज गावात शासकीय संगीत महाविद्यालय आहे. तेथे गायन-वादन शिकणाऱ्यांपुढे शिक्षकाची नोकरी, मैफली आणि शिकवण्या असे मार्ग असतात. पौष वद्य पंचमीला मात्र नामवंत व्यावसायिक कलावंतही मानधन न घेता येथे येतात, जमिनीवर ओळीने बसतात आणि त्यागराजांच्या पंचरत्न कृती एकसुरात गातात. समाधीसमोर हात जोडून बसलेली नागरत्नम्मांची मूर्ती आहे.