शिट्टी न होणारा कुकर

हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

दिवाळीनंतर आपल्या कार्यक्रमाला येणाऱ्या फोनवर एक प्रश्न सारखा येतो आहे. विजेचा प्रेशर कुकर घ्यावा का? काही जणींकडे तो आलेलाही आहे. कुणाच्या मुलाने शहरातून आणून दिला, कुणाच्या सुनेने माहेराहून आणला. पण बऱ्याच घरी तो एकदा-दोनदा लावून परत खोक्यात गेला आहे. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "शिट्टीच होत नाही हो, डाळ शिजली हे कळायचं कसं?"

म्हणून आम्ही गटातल्या पाच जणींनी ठरवलं की आधी वापरायचा, मग बोलायचं. चार महिने आम्ही आपापल्या घरी हा कुकर लावतो आहोत. काय जमलं, काय फसलं आणि कुठे हात भाजला, ते सगळं आज सांगतो.

आधी शिट्टीचं कोडं सोडवू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं, त्याहून जास्त तापत नाही. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी त्याहून जास्त तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब भरला की वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते. तीच शिट्टी. खालची आच चालूच असते, म्हणून शिट्ट्या होत राहतात. विजेच्या कुकरमध्ये पुरेसा दाब झाला की खालची तबकडी आपोआप बंद होते, दाब उतरू लागला की पुन्हा सुरू होते. जादा वाफ तयारच होत नाही, मग शिट्टी कशाची होणार? तिथे शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. एवढं एक मनाशी पक्कं केलं की अर्धी भीती जाते.

दुसरी गोष्ट. हा कुकर फार झटपट आहे असं दुकानदार सांगतात. आम्ही घड्याळ लावून पाहिलं. तूरडाळीला आम्ही १० मिनिटं लावली. पण दाब भरायला आधी १० मिनिटं गेली आणि वाफ आपोआप जिरायला नंतर १५ मिनिटं. म्हणजे एकूण ३५ मिनिटं झाली. गॅसवर याहून कमी वेळ लागतो. शिवाय बऱ्याच विजेच्या कुकरमध्ये दाब गॅसच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे शिजायलाही दोन-चार मिनिटं जास्त लागतात. मग फायदा काय? फायदा असा की ती ३५ मिनिटं तुम्ही शेगडीपाशी अडकत नाही. कुकर लावून गाईला वैरण घालून या, पोरीची वेणी घाला, नळाला पाणी आलं असेल तर भरून घ्या. तो आपला आपण बंद होतो. वेळ वाचत नाही, राखण वाचते. ज्या घरात बाईला सकाळी एकटीने चार कामं ओढावी लागतात, तिथे याचा उपयोग आहे. जिथे दोघी-तिघी हाताशी आहेत आणि गॅसवर सगळं सुरळीत चाललं आहे, तिथे हा घेतलाच पाहिजे असं नाही.

आता घ्यायचा ठरलाच, तर दुकानात जाण्याआधी स्वतःच्या घराच्या भिंतीकडे बघा. पाच-सहा लिटरचा कुकर साधारण १००० वॉटचा असतो. त्याला तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग लागतो. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वायरमनला तपासायला लावा. नुसतं तिसरं भोक दिसलं म्हणजे तार जोडलेली असते असं नाही. मिक्सर, फ्रीज आणि कुकर एकाच लोंबत्या एक्स्टेंशनवर लावू नका. आमच्यातल्या एकीच्या घरी बोर्ड गरम होऊन प्लास्टिकचा वास सुटला, तेव्हा कुठे शहाणपण आलं. तिने वायरमनला बोलावून मोठा, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घेतला. तो खर्च कुकरच्या किमतीतच धरा.

संध्याकाळी तुमच्या गावात बल्ब मंद होतात का, तेही आठवा. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं, तर १००० वॉटचा कुकर जेमतेम ६०० वॉटचं काम करतो. कुकर बिघडलेला नसतो, फक्त दाब भरायला बराच जास्त वेळ घेतो.

बिलाचा हिशोब सोपा आहे. १००० वॉटचं यंत्र एक तास सलग चाललं की एक युनिट होतं. कुकरची तबकडी मधेमधे बंद होते, म्हणून एका वेळेला ती १५ ते २० मिनिटंच तापते असं धरा. म्हणजे पाव ते एक तृतीयांश युनिट. दोन वेळा लावला तर महिन्याला साधारण १५ ते २० युनिट होतील. आता तुमचं महावितरणचं बिल काढा. १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांना दर जास्त पडतो. तुमचं घर ९० युनिटांवर असेल तर कुकरमुळे तुम्ही शंभरी ओलांडाल. ओलांडलेली युनिटं महाग पडतील, हे धरूनच गॅसशी तुलना करा.

दुकानात जाताना घरचे कुकरचे डबे पिशवीत घालून न्या. हसू नका. आपल्याकडे वरण आणि भात एकदमच लागतो. आम्ही पहिला कुकर आणला तीन लिटरचा, आणि त्यात आमचा एकही डबा बसेना. चार-पाच माणसांच्या घराला पाच किंवा सहा लिटरचा घ्या आणि डबे आत ठेवून, झाकण लावून बघा. आतलं भांडं स्टीलचं मिळालं तर बरं. ते घासायला सोपं आणि टिकाऊ. काळ्या मुलाम्याचं असेल तर तारेची घासणी आणि स्टीलचा डाव त्याला लावायचा नाही. रिंग आणि आतलं भांडं सुटं मिळतं का, दुरुस्तीची सोय तालुक्याला आहे का, हे विचारा. बटणं वीस आहेत की चार, याला महत्त्व देऊ नका. आम्ही चार महिन्यांत दोनच बटणं वापरली. खोक्यावर आयएसआयची खूण असेल तर तिच्यासोबतचा परवाना क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून खरा-खोटा तपासता येतो. पोरांना सांगा, दोन मिनिटांत करून देतील.

आता लावायचा कसा ते ऐका. कुकर सपाट ओट्यावर ठेवा, वर फळी किंवा कपाट नको, वाफेने ते खराब होतं. गॅसच्या शेगडीवर तर अजिबात ठेवू नका. चुकून कुणी बर्नर पेटवला की बूड वितळलंच. आतलं भांडं बाहेरून कोरडं पुसा, मगच आत ठेवा. आत कमीत कमी एक-दीड कप पाणी हवंच. डबे ठेवायचे तर खाली जाळी आणि दीड कप पाणी. वर मर्यादा दोन तृतीयांश भांड्याची. डाळी, कडधान्यं, तांदूळ फुगतात, फेसाळतात, त्यांना निम्म्याच्या वर भरायचं नाही.

ही निम्म्याची गोष्ट आम्ही सोसून शिकलो. आमच्यातल्या एकीकडे पाहुणे दारात आले होते. भांडं डाळीने गच्च भरलेलं. वेळ संपल्याचा आवाज झाला आणि तिने लगेच वाफेचा खटका फिरवला. वाफेच्या जोडीने उकळती डाळ उसळून बाहेर आली आणि मनगट भाजलं. महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही. म्हणून सांगतो, डाळ, कडधान्य, खीर, पेज असलं काही असेल तर खटक्याला हात लावू नका. दाब आपोआप उतरू द्या. झाकणावरची छोटी पिन खाली बसली की झाकण सहज फिरतं. पिन वर आहे तोवर आत दाब आहे. ती उलथन्याने दाबायची नाही आणि झाकणाशी झटापट करायची नाही. भाजीसाठी वाफ लगेच सोडायचीच असेल तर तोंड आणि हात बाजूला ठेवून लांब दांड्याच्या डावाने खटका फिरवा.

आणि भाजलंच, तर सलग २० मिनिटं नळाचं साधं गार पाणी भाजलेल्या जागेवर सोडा. बांगड्या, अंगठी लगेच काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. मोठा फोड आला किंवा चेहरा भाजला तर थेट दवाखाना गाठा.

मिनिटांचा आमचा अंदाज लिहून घ्या. ही मिनिटं दाब भरल्यानंतरची आहेत आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. साधा तांदूळ ५ मिनिटं. तूरडाळ १० मिनिटं. वरणभाताचे डबे एकदम लावले तर १२ मिनिटं. रात्रभर भिजवलेले हरभरे किंवा छोले २० मिनिटं, राजमा २५. मोड आलेल्या मटकीला २ मिनिटं पुरतात, आणि तिची वाफ मात्र लवकर सोडावी लागते, नाहीतर उसळीचा लगदा होतो. तुमचं पाणी, तुमची डाळ वेगळी असेल, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज किती मिनिटं लावली ते कागदावर लिहा आणि कागद भिंतीला चिकटवा. आमच्या पाचही घरचे कागद एकमेकींशी जुळत नाहीत.

राजम्याबद्दल एक सूचना. काही कुकरमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं बटण असतं. राजमा त्यावर कधीही लावू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो. तो नीट उकळल्यावरच नाहीसा होतो, मंद उष्णतेने नाही. अर्धवट राहिलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात, दाबाखालीच शिजवा.

रात्री भरून ठेवायचं आणि पहाटे आपोआप सुरू करायचं, असंही बटण असतं. थंडीत डाळ-तांदळाला ते चालेल. पण मे महिन्याच्या उकाड्यात भिजलेली डाळ पहाटेपर्यंत आंबते, आणि दूध, मटण, अंडी तर त्यात कधीच नको. उरलेला भातही दिवसभर कुकरमध्ये गरम ठेवू नका.

वीज मधेच गेली तर घाबरू नका. झाकण बंदच ठेवा. आतली उष्णता काही वेळ शिजवण्याचं काम करत राहते. वीज आल्यावर काही कुकर आपोआप पुढे चालू होतात, काही होत नाहीत. तुमचा कुठला, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. आतलं भांडं उचलून गॅसवर ठेवू नका, बूड वाकलं की तबकडीला नीट टेकत नाही. आणि गॅसचा कुकर माळ्यावर टाकू नका. तो हाताशीच हवा.

धुताना प्लग काढा. आतलं भांडं, झाकण, रिंग धुवायची. बाहेरचं यंत्र ओल्या फडक्याने फक्त पुसायचं, पाण्यात बुडवायचं नाही. वाफेच्या नळीत तांदळाचा दाणा अडकला आहे का, ते रोज उजेडाकडे धरून बघा. रिंगला मसाल्याचा वास धरतो. आम्ही दोन ठेवल्या आहेत, एक उसळ-मटणाची, एक खिरीची.

शेवटी एक सांगायचं राहिलं. या कुकरची बटणं घरातल्या सगळ्यांना शिकवा. आमच्या एका घरी सासरे दुपारी स्वतः वरणभात लावतात, कारण आचेवर लक्ष ठेवायची धास्ती उरली नाही. बाई शेतावरून उन्हातून येते, तेव्हा ताट तयार असतं. आम्हाला या कुकरचा सगळ्यात मोठा उपयोग तोच वाटला. तुमच्याकडे कसं जमलं ते फोन करून नक्की कळवा.