जुना क्लच उघडताना जपा
ब्रिटनमध्ये १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनर मोटारीत तिचे हौशी मालक आधुनिक इंजिन बसवतात. तिचा मूळ क्लच लोखंडी दांड्यांवर चालतो. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलले की त्या दांड्यांचा मेळ बसत नाही, म्हणून हायड्रॉलिक क्लच बसवला जातो. पेडल दाबले की एका सिलिंडरमधल्या द्रवाचा दाब नळीतून दुसऱ्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो. नळी हवी तशी वळवता येते, हे मोठे सुख.

धोका असतो तो जुना क्लच काढताना. ब्रिटनमध्ये क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी आली १९९९ मध्ये. त्यापूर्वीच्या क्लच प्लेटच्या अस्तरात ते असू शकते. आत साचलेली धूळ हवेच्या झोताने उडवण्याची गॅरेजमधली सवय इथे घातकच. हे सूक्ष्म तंतू फुप्फुसात अडकून राहतात. त्या दिवशी खोकलासुद्धा येत नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, अनेकदा तीस-चाळीस वर्षांनी उघडकीस येतो. ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. नाकाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. धूळ आधी पाण्याने भिजवावी, ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके पिशवीत बंद करावे. कामाचे कपडे घरी झटकू नयेत.

नव्या क्लचमधले ब्रेक फ्लुइडही विषारी असते. ते नळीला तोंड लावून ओढू नये.