लाल गाडीला दंड जास्त होतो का?

कॅनडात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना गाडी घेताना हमखास सल्ला मिळतो: लाल घेऊ नका, पोलिसांच्या डोळ्यात भरते, विमाही महागतो. दोन्ही गोष्टींना आधार नाही.

पोलिसांची लेसर गन अदृश्य अवरक्त किरण सोडते आणि ते परत यायला लागणाऱ्या वेळेतील बदलावरून वेग काढते. नेम बहुधा नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर असतो, कारण तिथून किरण चांगले परततात. गडद रंग ते थोडे कमी परतवतो, पण त्याने वेगाचा आकडा बदलत नाही. रडारला तर रंग कळतच नाही. विमा कंपन्या मॉडेल, चालकाचा इतिहास आणि राहण्याचे ठिकाण पाहतात. गाडीच्या सतरा अक्षरी ओळख क्रमांकातही रंगाची नोंद नसते.

लक्ष द्यायचे ते वेगाकडे. ऑन्टारियोत ८० किमीपेक्षा कमी मर्यादेच्या रस्त्यावर ४० किमी जास्त वेग म्हणजे ‘स्टंट ड्रायव्हिंग’. २०२१ पासून त्यासाठी जागेवरच ३० दिवस परवाना निलंबित होतो आणि गाडी १४ दिवस जप्त होते. तेव्हा रंग आवडीचा निवडा, वेग मात्र फलकावरचाच ठेवा.